ऑकिनलेक वाचून जा: खडकवासल्याला निघालेल्या मुलामुलींना खुलं पत्र

प्रिय मुलामुलींनो,

एसएसबीच्या निवड-मुलाखतीचे पाच दिवस पार पडले, मेडिकल झालं, गुणवत्ता यादीत नाव आलं. आता काही आठवड्यांत तुम्ही राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या फाटकातून आत जाल. तुमच्यातलं कुणी साताऱ्याच्या सैनिक शाळेतून आलं आहे, कुणी संभाजीनगरच्या एसपीआय या सैनिकी पूर्वतयारीच्या संस्थेतून, कुणी तालुक्याच्या गावी स्वतःच अभ्यास करून. २०२२ पासून मुलींनाही हे दार उघडलं, त्याचा आनंद माझ्यासारख्या लष्करी इतिहासाच्या वाचकाला शब्दांत सांगता येणार नाही.

जाण्याआधी काय करावं, याचे सल्ले तुम्हाला ढीगभर मिळाले असतील. धावण्याचा सराव ठेव, पोहणं शिकून घे, रगड्याची, म्हणजे शिक्षेच्या कवायतीची, सवय कर. ते सगळं बरोबरच आहे. माझी विनंती वेगळी आहे. ज्या संस्थेत तुम्ही तीन वर्षं काढणार आहात तिचा आराखडा ज्यांच्या अध्यक्षतेखाली ठरला, त्या फील्ड मार्शल सर क्लॉड ऑकिनलेक यांचं आयुष्य समजून घेऊन जा. शक्य झालं तर त्यांच्याशी भांडत भांडत समजून घ्या.

मे १९४५ मध्ये, युरोपातलं युद्ध संपलं त्याच सुमारास, हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. लष्कर, नौदल आणि हवाई दल या तिन्ही दलांच्या मुलांना सुरुवातीपासून एकत्र शिकवणारी प्रबोधिनी कशी असावी, हे तिने ठरवायचं होतं. अहवाल डिसेंबर १९४६ मध्ये आला. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत हिंदी सैनिकांनी सुदानसाठी जे केलं, त्याच्या कृतज्ञतेपोटी सुदान सरकारने एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यातला सत्तर हजारांचा वाटा भारताकडे आला. म्हणून तुमच्या मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात. मुंबई राज्याने जमीन दिली, ६ ऑक्टोबर १९४९ ला पंडित नेहरूंनी पायाभरणी केली. समोर खडकवासल्याचं धरण, मागे सिंहगड. जागा आपली, पैसा युद्धात पडलेल्यांच्या नावाचा आणि कल्पनेमागे एक गोरा सेनापती. हे तिन्ही एकदम डोक्यात ठेवणं अवघड जातं. तरीही ठेवा.

या माणसाची सुरुवात श्रीमंतीतली नव्हती. जन्म २१ जून १८८४ चा, इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉटचा. वडील तोफखान्यात कर्नल. क्लॉड आठ वर्षांचा असताना ते गेले आणि आईने तुटपुंज्या उत्पन्नात चार मुलं वाढवली. लष्करी अधिकाऱ्यांच्या पोरक्या मुलांना सवलत देणाऱ्या वेलिंग्टन कॉलेजात त्याचं शिक्षण झालं. पुढे सँडहर्स्ट आणि १९०४ मध्ये हिंदुस्थानात ६२ व्या पंजाबी पलटणीत नेमणूक. पंजाबी इतकी पक्की शिकला की शिपायांच्या घरच्या गोष्टी त्यांच्याच भाषेत ऐकून घ्यायचा. हिंदुस्थानी पलटणीत काम करायचं तर भाषा यायलाच हवी, असा नियमच होता. पण परीक्षेपुरती भाषा शिकणारे पुष्कळ होते आणि शिपायांशी बोलण्यासाठी शिकणारे थोडे. हा त्या थोड्यांमधला.

पहिल्या महायुद्धाची एक हकिगत मराठी घरांनी तरी विसरू नये. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जनरल टाउनशेंड यांची फौज कूत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात सापडली. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली. आपल्या शिपायांनी कितीतरी दिवस घोड्याच्या मांसाला हात लावला नाही, उपाशी राहून पहारे केले. त्यांना सोडवायला जी फौज तैग्रिसच्या काठाने निघाली, तिच्यात ६२ वी पंजाबी पलटण होती आणि तिच्यात होता कॅप्टन ऑकिनलेक. २१ जानेवारी १९१६ ला हन्नाच्या तुर्की खंदकांवर चढाई झाली. पाऊस, गुडघाभर चिखल आणि समोर आडोसा नसलेलं सपाट मैदान. पलटणीतले बहुतेक ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. जे थोडे उरले त्यांत ऑकिनलेक होते, आणि पुढे पलटणीचा ताबा त्यांच्याकडे आला. मदत कूतपर्यंत पोचलीच नाही. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंड शरण गेले, हजारो हिंदी शिपाई कैदेत गेले, त्यातले कितीतरी परतले नाहीत. नीट टेहळणी न करता, अपुऱ्या तोफांनिशी आणि वरून आलेल्या घाईच्या हुकमापायी माणसं पुढे ढकलली की काय होतं, हे या तरुण अधिकाऱ्याने तिथे पाहिलं. पुढे त्यांनी चर्चिलसारख्या माणसाच्या घाईलाही दाद दिली नाही, त्याचं मूळ मला त्या चिखलात दिसतं.

तीच ११७ वी मराठा पलटण १९२२ नंतर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी रॉयल बटालियन झाली. १९२३ मध्ये सरकारने आठ तुकड्या निवडल्या, जिथे हिंदी अधिकारी नेमायचे. त्या आठांत ही मराठा बटालियन होती. वरवर पाहता हा सन्मान होता. आतला हेतू असा की हिंदी अधिकारी याच आठ तुकड्यांत राहतील आणि कुणा गोऱ्या अधिकाऱ्याला त्यांच्या हाताखाली काम करावं लागणार नाही. ऑकिनलेक यांना ही वेगळी पंगत मान्य नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अधिकार हाती आल्यावर त्यांनी लंडनला पुन्हा पुन्हा लिहिलं की हिंदी अधिकाऱ्यावर विश्वास टाकायचा तर पुरता टाका, पगारात आणि अधिकारात फरक ठेवू नका. युद्ध सुरू झालं तेव्हा शेकड्यांत असलेले हिंदी अधिकारी युद्धाच्या शेवटी आठ हजारांच्या घरात गेले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनांचे प्रमुख हिंदी होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि आपल्या कोल्हापूरचे एस. पी. पी. थोरात. तिघांनाही डीएसओ हे लष्करी पदक मिळालं. हिंदी माणूस लढाईत तुकडी चालवू शकत नाही, हे म्हणण्याची सोय त्यानंतर कुणालाच उरली नाही.

हे सगळं ऑकिनलेक यांच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. थोरात आणि थिमय्या यांनी ते स्वतःच्या हिमतीवर कमावलं, आणि देशातल्या स्वातंत्र्यलढ्याच्या रेट्याशिवाय साम्राज्याने एक दोरीही सैल सोडली नसती. पण दारावर उभा असलेला माणूस दार उघडतो की अडवतो, याने फरक पडतो.

आता उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटाकडे येऊ, कारण युरोपात त्यांचं नाव घेतलं जातं ते तिथल्या लढाईसाठी. जुलै १९४१ मध्ये चर्चिलनी त्यांना मध्यपूर्वेचे सरसेनापती म्हणून कैरोला पाठवलं. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात जर्मन सेनापती रोमेलला मागे रेटून लिबियातल्या टोब्रुक बंदराचा वेढा उठवला गेला. पुढच्या उन्हाळ्यात मात्र गझालाला सगळं उधळलं आणि २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं. याची जबाबदारी ऑकिनलेक यांच्यावर येतेच. त्यांना माणसं निवडता येत नसत. वाळवंटात लढणाऱ्या ब्रिटिश आठव्या सैन्यावर त्यांनी आधी कनिंगहॅम नेमले, ते काढून रिची नेमले, आणि दोन्ही निवडी फसल्या. शिपायाची पारख असलेल्या माणसाला जनरलांची पारख नसावी, हे मला आजही कोडं वाटतं.

पण २५ जूनला त्यांनी रिचींना बाजूला केलं आणि सैन्याची सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. पराभूत, विस्कळित फौज अल-अलामेनच्या अरुंद पट्ट्यात उभी केली. १ जुलैला देर-एल-शैन नावाच्या खोलगट जागी नुकतीच इराकहून आलेली १८ वी हिंदी ब्रिगेड रोमेलच्या रणगाड्यांसमोर आली. खंदक खणायलाही तिला पुरता वेळ मिळाला नव्हता. संध्याकाळपर्यंत ती चिरडली गेली, पण रोमेलचा तो दिवस तिने खाल्ला, आणि त्या एका दिवसाची किंमत फार मोठी होती. महिनाभर झुंज चालली. रोमेल पुढे सरकू शकला नाही. कैरो आणि सुएझ वाचले.

बक्षीस म्हणून ऑगस्टमध्ये चर्चिलनी त्यांना काढून टाकलं. चर्चिलना लगेच चढाई हवी होती. ऑकिनलेक म्हणाले, सैन्य तयार नाही, सप्टेंबरआधी होणार नाही. नवे आलेले मॉंटगोमेरी प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत थांबले, आणि अलामेनचा विजय त्यांच्या नावावर लागला. पदावरून दूर झालेले ऑकिनलेक जवळजवळ वर्षभर हिंदुस्थानात कामाविना राहिले. वर्तमानपत्रांत बाजू मांडली नाही, कुणावर चिखल उडवला नाही. जून १९४३ मध्ये ते पुन्हा हिंदुस्थानचे सरसेनापती झाले.

तेव्हा बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती. लंडनमधून धान्याला जहाजं मिळत नव्हती. ऑकिनलेक यांनी लंडनच्या लष्करी वरिष्ठांना कळवलं की धान्याची आयात दारूगोळ्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्वाची आहे. सेनापतीने स्वतःच्या दारूगोळ्याच्या जहाजात धान्य भरायला सांगणं ही साधी गोष्ट नाही. लंडनने पुरेसं ऐकलं नाही. त्या दुष्काळात लाखो माणसं गेली, आणि हा साम्राज्याच्या माथ्यावरचा डाग कुणा एकाच्या तारेने पुसला जात नाही.

आता ज्या दोन गोष्टींसाठी हे पत्र लिहायला बसलो त्या.

पहिली, लाल किल्ल्यातला खटला. नोव्हेंबर १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेचे शाहनवाझ खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लों यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला सुरू झाला. भुलाभाई देसाईंनी बचाव केला. एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख. सारा देश त्या तिघांच्या मागे उभा राहिला. न्यायालयाने राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल तिघांना दोषी धरलं आणि जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ती कायम करायची की नाही, हे सरसेनापतीच्या सहीवर होतं.

ऑकिनलेक यांचा पिंड लक्षात घ्या. शपथ हा त्यांच्या लेखी लष्कराचा कणा होता. सिंगापूरला कैदेत पडूनही शपथ न मोडलेले, त्यापायी जपान्यांचा मार खाल्लेले हजारो हिंदी शिपाई त्यांच्या डोळ्यांसमोर होते. शिक्षा माफ केली तर त्या शिपायांना काय सांगायचं? कायम केली तर देश पेटणार, आणि लष्करही. जानेवारी १९४६ मध्ये त्यांनी जन्मठेप रद्द केली. बडतर्फी आणि पगार जप्तीची शिक्षा ठेवली. तिघेजण मोकळे झाले.

कित्येक ब्रिटिश अधिकारी खवळले. फेब्रुवारीत ऑकिनलेक यांनी वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना एक गोपनीय पत्र पाठवून आपला निर्णय समजावून सांगितला. त्या पत्राचा आशय असा: शिक्षा अमलात आणली असती तर देशात अराजक माजलं असतं आणि लष्करात बंड होऊन ते फुटलं असतं. आणि दुसरा, मला जास्त महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, की हिंदी अधिकारी राष्ट्रवादी असणं स्वाभाविक आहे, त्याची निष्ठा ब्रिटिश सैनिकाच्या निष्ठेसारखीच असावी ही अपेक्षाच चुकीची आहे. साम्राज्याच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्याने हे आपल्याच लोकांना लेखी सांगितलं. नेताजींच्या सेनेने लढाईत जे साधलं नाही ते खटल्याच्या त्या दोन महिन्यांत साधलं, असं मी ठामपणे मानतो, आणि या पत्राहून त्याचा चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

पत्राची शाई वाळते न वाळते तोच, १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या केंद्रावर खलाशांनी बंड केलं. किडकं जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, आणि वातावरणात लाल किल्ल्याची आठवण. शहर खलाशांच्या बाजूने रस्त्यावर उतरलं, गिरण्या बंद पडल्या, आणि लष्कराने गोळीबार केला. परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. शहरात दोनशेच्या वर माणसं मेली. तेव्हाही सरसेनापती ऑकिनलेकच होते. लाल किल्ल्याच्या निर्णयाचं कौतुक करताना परळचा हिशेब बाजूला ठेवणारं चरित्र मला नको आहे, आणि तुम्हीही ते स्वीकारू नका.

दुसरी गोष्ट, फौजेची फाळणी. आयुष्यभर जे घडवलं ते काही आठवड्यांत स्वतःच्या हाताने तोडण्याचं काम त्यांच्या वाट्याला आलं. त्यांनी आधी विरोध केला, मुदत मागितली. मिळाली नाही. मग हुकूम म्हणून तोडलं. एका बटालियनमध्ये शीख कंपनी, मुसलमान कंपनी, डोगरा कंपनी असायची. प्रत्येक कंपनी सुटी करून रेल्वेने इकडे किंवा तिकडे धाडायची. मेसच्या चांदीच्या भांड्यांपासून वाद्यवृंदाच्या ढोलापर्यंत वाटण्या झाल्या. आठ पायदळ रेजिमेंटा पाकिस्तानकडे गेल्या, त्यांत पहिली पंजाब होती, म्हणजे ज्या पलटणीत ऑकिनलेक घडले तीच. थोरातांची दुसरी पंजाब भारतात राहिली.

इथे ते आपल्या नेत्यांच्या मनातून उतरले, आणि कारणाशिवाय नाही. १५ ऑगस्टनंतर दोन्ही फौजांच्या वर सर्वोच्च सेनापती म्हणून राहिलेल्या ऑकिनलेक यांचा कल पाकिस्तानकडे आहे, असं नेहरू आणि पटेल यांना वाटत होतं. सप्टेंबर १९४७ च्या अखेरीस त्यांनी लंडनला पाठवलेल्या अहवालात, भारतीय मंत्रिमंडळाने पाकिस्तान उभं राहू न देण्याचा चंग बांधला आहे, अशा अर्थाचं विधान केलं होतं. मला ते एकतर्फी वाटतं. दिल्लीत बसून त्यांना मुसलमान निर्वासितांचे हाल दिसत होते, पण भारताच्या नव्या सरकारवर कोसळलेला डोंगर त्यांनी पुरेसा मोजला नाही.

आणि तोच माणूस २८ ऑक्टोबरला विमानाने लाहोरला गेला. काश्मीरमध्ये सैन्य घुसवण्याचा हुकूम जीनांनी आदल्या रात्री दिला होता, आणि पाकिस्तानी फौजेचे हंगामी प्रमुख जनरल ग्रेसी यांनी तो ऑकिनलेकना विचारल्याशिवाय पाळला नव्हता. ऑकिनलेक यांनी जीनांना सांगितलं: काश्मीर भारतात विलीन झालं आहे, तुम्ही सैन्य पाठवलंत तर पाकिस्तानी फौजेतला एकूण एक ब्रिटिश अधिकारी त्या क्षणी काढून घेतला जाईल. जीनांनी हुकूम मागे घेतला. ज्यांना आपण पाकिस्तानधार्जिणे म्हणत होतो, त्यांनी त्या दिवशी श्रीनगरच्या विमानतळावर नुकत्याच उतरू लागलेल्या आपल्या जवानांना मोठ्या संकटातून वाचवलं. दोन्ही गोष्टी महिन्याभराच्या अंतरात, एकाच माणसाकडून.

३० नोव्हेंबरला त्यांचं मुख्यालय बंद झालं आणि १ डिसेंबर १९४७ ला त्यांनी भारत सोडला. लंडनने उमरावपद देऊ केलं होतं. त्यांनी ते नाकारलं, कारण ज्या फाळणीला ते मनातून लाजिरवाणी मानत होते तिच्यासाठी सन्मान घेणं त्यांना जमणारं नव्हतं. पुढे मोरोक्कोतल्या माराकेशला साधेपणाने राहिले आणि २३ मार्च १९८१ ला, वयाच्या ९६ व्या वर्षी, तिथेच गेले.

तुम्हाला शिवरायांचे किल्ले माहीत आहेत. प्रबोधिनीच्या कॅम्प तोरणा या सरावशिबिराच्या वेळी ते पायाखालून घालालच. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची शौर्यकथा मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेलात तर रोज ऐकाल. ते सगळं मनापासून घ्या. पण शौर्य कसं गाजवावं हे सांगणारी पुष्कळ माणसं तुम्हाला भेटतील. सहीसाठी कागद पुढे आला आहे, दोन्ही बाजूंनी आपलीच माणसं दुखावणार आहेत, आणि विचार करायला रात्र अपुरी आहे, अशा वेळी अधिकारी काय करतो, हे शिकवणारी आयुष्यं फार थोडी. ऑकिनलेक यांचं त्यातलं एक आहे, चुकांसकट.

म्हणून एक काम देतो. पहिल्या टर्ममध्ये झोपही पुरणार नाही, ते माहीत आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या टर्मला श्वास घ्यायला फुरसत मिळेल तेव्हा आपल्या स्क्वॉड्रनमध्ये चारजण बसा. शक्यतो एक पंजाबचा, एक बंगालचा, एक मणिपूरचा आणि एक आपला घ्या, कारण या प्रश्नाची उत्तरं प्रांतागणिक वेगळी येतील. प्रश्न असा: जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापतीच्या खुर्चीत तुम्ही असता, तर शाहनवाझ, सहगल आणि धिल्लों यांची शिक्षा तुम्ही रद्द केली असती का? रद्द केली असती, तर त्यांना पुन्हा पलटणीत घेतलं असतं का? उत्तर देण्याआधी हे लक्षात ठेवा, की स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारने आझाद हिंदच्या सैनिकांचा सन्मान केला, पण त्यांना लष्करात परत घेतलं नाही. नेहरूंचं आणि ऑकिनलेकचं या एका मुद्द्यावर एकमत का झालं असावं, तिथून वाद सुरू करा. सुट्टीला घरी आलात की काय ठरलं ते मला लिहून कळवा.

तुमचा,
लष्करी इतिहासाचा एक वाचक, पुणे